चौदावा प्रश्न

बिबवेवाडीतल्या त्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी दहाला जी बैठक बसली, ती कुणी बोलावलेली नव्हती. बद्रीनाथनं धाकट्या भावाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की, शालूच्या ऑपरेशनला बुधवारची तारीख मिळाली. तेवढं पुरलं. रविवारी मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते, तरी वैजनाथ आपलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस मुकादमाच्या हवाली करून आला. त्याची बायको नीरजा उपम्याचा डबा घेऊन आली. मुक्ताई आत्या, म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण, शनिवारीच दिग्रसहून एसटीनं येऊन दाखल झाली होती आणि आल्या पावली तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती शालू आतल्या खोलीत पडून होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. आपल्याकडे पेशंटला विचारायची पद्धत नाही.

नम्रता खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मार्च संपत आला होता, पंखा पाचावर गरगरत होता आणि तिनं पूर्ण बाह्यांचा कुडता घातला होता.

"एवढ्या उकाड्यात हे काय गं?" नीरजाकाकूनं विचारलं.

"ऑफिसमध्ये एसीची सवय झालीय काकू. अंग उघडं टाकलं की ऊन लागतं."

"हो का," काकू म्हणाली. "घरात ऊन लागणारी माणसं आम्ही अजून पाहिली नव्हती."

काकू मूळची सासवडची, पण पुण्यात वाढलेली. तिच्या बहिणीच्या दिराचं स्थळ नम्रतानं दिवाळीत नाकारलं होतं, तेव्हापासून काकूचं प्रत्येक वाक्य असं शेवटाला वळायचं. नम्रताला त्याचं काही नव्हतं. आज तिला घोर लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

हिशेब साधा होता. शालूला गेले आठ महिने अंगावरून जात होतं. गाठी निघाल्या, गर्भपिशवी काढायची ठरलं, पण रक्त सातावर आलेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या हातात असल्याशिवाय मी हत्यार उचलणार नाही, आणि बुधवारच्या पुढे थांबणारही नाही. हा गट शंभरातल्या एक-दोघांचा. रक्तपेढीत एक पिशवी होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. दुसरी घरच्यांनी बघायची. घरात शालूखेरीज त्या गटाची एकच व्यक्ती होती, तिची एकुलती एक मुलगी. त्यामुळे रक्त कोण देणार यावर चर्चा झालीच नाही. जेवायला ताटं किती घ्यायची यावर जेवढी होते तेवढीही नाही.

आणि नम्रताच्या डाव्या हातावर, बाहीच्या आत, अकरा दिवसांपूर्वी काढलेला टॅटू होता.

हे तिनं लहर आली म्हणून केलं नव्हतं. लहर येणाऱ्यांतली ती नव्हेच. हिंजवडीच्या कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायचा तिला पगार मिळायचा, आणि हे बद्रीनाथ सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरायचा. कुठलीही गोष्ट करण्याआधी काय काय बिघडू शकतं याची यादी करायची हे तिच्या हाडात मुरलं होतं. टॅटूसाठी तिनं एक्सेलमध्ये सदतीस ओळींची यादी केली होती. दुकान स्वच्छ आहे का. सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढतात का. शाई कुठली. कातडीला सोसते का, म्हणून आधी कानामागे एक ठिपका देऊन बघणे. ऑफिसात झाकता येतो का. पन्नाशीत कातडी सैल पडली की कसा दिसेल. पुढेमागे काढायचा झाला तर किती दुखतं. सासर. सदतीस ओळी, आणि प्रत्येकीसमोर 'पास'. फक्त एका ओळीसमोर तिनं वेगळं लिहिलं होतं. कॅम्पातल्या त्या दुकानात शहाबाज नावाचा जो मुलगा टॅटू काढायचा, त्यानं पहिल्या भेटीतच बजावलं होतं, "मॅडम, इसके बाद छह महिना खून नहीं दे सकते. मालूम है ना?" नम्रता हसली होती. कॉलेजातल्या रक्तदान शिबिराच्या दारातून ती तीनदा घाबरून परत आली होती. घरी येऊन तिनं एकतिसावी ओळ वाढवली, 'रक्तदान', आणि पुढे लिहिलं, 'लागू नाही'.

आता ते दोन शब्द तिला झोपू देत नव्हते. शुक्रवारी तारीख कळल्यापासून तिनं तीन रक्तपेढ्यांना फोन केले होते, ऑफिसात दोनशे जणांना मेल टाकली होती. दोघांची उत्तरं आली. एक बंगळुरात होता, दुसरीला पाचवा महिना होता.

"नमू, चहा ने वं," स्वयंपाकघरातून आत्यानं हाक मारली.

ती आत गेली. आत्यानं चहाच्या कपांकडे बोटही केलं नाही. दार पायानं लोटलं आणि म्हणाली, "दाव."

"काय?"

"हात. सकाळपासून पाहून राह्यली मी. माणूस खाजवते, तू थापटून राह्यली. गोंदलेलं खाजलं का थापटतात. मले नको शिकवू."

आत्याच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं, हिरवट काळं, एकात एक मिसळलेलं. तिच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. नम्रतानं बाही वर केली. खपली गळत आली होती. छोटी तुळस, दोन्ही बाजूंना पानं, आणि खाली मनगटाच्या दिशेनं ओळीत चार ठिपके.

आत्या वाकून बघत राहिली. "हे तं शालूचं हाय."

"हो."

शालूच्या डाव्या हातावर हेच गोंदण होतं, दारव्ह्याच्या जत्रेत पोरवयात काढलेलं. लग्नानंतर पुण्याला आल्यावर, नम्रताच्या शाळेतल्या पालकसभेत शेजारच्या बाईनं "अय्या, हे काय हो?" असं विचारलं, तेव्हापासून शालू चारचौघांत पदर डाव्या हातावर ओढून बसायची. वीस एप्रिलला नम्रता वर्षभरासाठी अमेरिकेला, मिनेसोटाला निघणार होती. जाताना आईचं काहीतरी सोबत असावं असं तिला फार वाटत होतं. लोणचं आणि गोधडी यांच्यापेक्षा जास्त काहीतरी. एका दुपारी आई झोपलेली असताना तिनं ते गोंदण वहीत उतरवून घेतलं होतं. निघायच्या दिवशी विमानतळावर दाखवायचं असं ठरवलं होतं.

"आत्या, मला रक्त देता येणार नाही."

"काहून? सुई तं उजव्या हातात टोचन."

"तसं नाही. टॅटू काढल्यावर सहा महिने रक्त घेतच नाहीत. सुईतून काही आजार आला असेल तर तो लगेच तपासणीत दिसत नाही. तो आईला जाईल."

"आमच्या वक्ताले एक सुई अख्ख्या जत्रेले पुरे. माह्याकडे पाय. मले काय झालं?"

"तुला नाही झालं. कुणाला झालं असेल."

आत्यानं तिची बाही स्वतःच्या हातानं खाली ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईक. तुह्या बापाची तीन रात्री झोप नाही. आज हे सांगशीन तं तो मोडन. कोनी इचारलं तं नाही म्हन अन् मोकळी हो. तुनं पाह्यली ना सुई? नवी होती ना?"

"पाकीट माझ्यासमोर फोडलं."

"मंग झालं तं. मी कोनाले सांगत नाही."

नम्रताच्या मनात नेमकं हेच दोन दिवस घोळत होतं. सुई नवी होती, शाईची बाटली नवी होती, शहाबाजचे हातमोजे नवे होते. काही झालेलं असण्याची शक्यता हजारात एकही नव्हती. पण हजारात एकदा बिघडतं म्हणून तिनं कितीदा अख्खं काम परत पाठवलं होतं, आणि तिथं कुणाच्या जिवाचा प्रश्न नसायचा. आणि न सांगावं, तर बुधवारी पिशवी नाही. हो म्हटलं तरी आई, नाही म्हटलं तरी आई. तिनं कप ट्रेमध्ये मांडले आणि दार उघडलं.

बाहेर वैजनाथकाकानं रक्तपेढीचा फॉर्म टीपॉयवर पसरला होता. "दुपारी तिकडून जाणारच आहे, देऊन टाकतो," तो म्हणाला. "म्हणजे उद्या नमूनं नुसतं जायचं आणि हात पुढे करायचा."

फॉर्म भरायचा म्हणजे तो बद्रीनाथनंच भरायचा, हे घरात ठरलेलं होतं. भोसरीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला, शेवटची बारा फोरमन म्हणून. कागद कोरा राहिलेला त्याला बघवत नसे. त्यानं चष्मा लावला, पेनचं टोपण मागे बसवलं आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागला.

"नाव. लिहिलं. वय सव्वीस. वजन?"

"बावन्न."

"कावीळ झाली होती काय? नाही. मलेरिया? नाही. गेल्या वर्षभरात शस्त्रक्रिया? नाही." प्रश्न तिला होते, उत्तरं तोच देत होता. आपल्या मुलीबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं काही असेल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. नम्रता त्याच्या बोटांकडे बघत होती. दहा झाला. अकरा. आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"चौदा. गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोंदवून घेतले आहे काय?" बद्रीनाथ हसला. "हा प्रश्न तुला विचारायला हवा होता, आक्का." आणि त्यानं रकान्यात 'ना' लिहिलाही.

"बाबा, थांबा."

त्याचं पेन थांबलं.

"हो लिहा," नम्रता म्हणाली आणि बाही वर केली.

वैजनाथ पहिला बोलला. "हे कधी केलंस?"

"अकरा दिवस झाले."

"आणि चालत नाही हे तुला माहीत होतं?" बद्रीनाथनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माहीत होतं, बाबा. मी कुठं रक्त देणार आहे, असं वाटलं. म्हणून तो मुद्दा मी धरलाच नाही."

"तू धरला नाहीस."

"नाही."

बद्रीनाथनं पेनला टोपण लावलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. तो फॉर्म नीट घडी घालत बसला. नम्रताला रडू येत होतं, आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटत होतं.

"कमाल आहे," वैजनाथ म्हणाला. "आई तिकडे दिवसेंदिवस पांढरी पडतेय आणि पोरगी नक्ष्या काढत फिरतेय. वहिनींच्या जिवाचं काही…"

"अहो, पुरे," नीरजाकाकू म्हणाली. "तिनं सांगितलं ना? न सांगता उद्या हात पुढे केला असता तर तुम्हाला कळणार होतं का?"

नम्रतानं चमकून वर पाहिलं. काकू तिच्याकडे बघत नव्हती. ती रिकामे कप एकात एक ठेवत होती.

"मगाचपासून मी गंमत बघतेय," काकू पुढे म्हणाली. "ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह म्हणून सगळं पुणं पालथं घातलंत. आणि ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडावर आहे ते कुणी घेत नाही. मी घेते. मी बाहेरून आलेली, मला चालतं. ताईंचा भाऊ. सुखदेव."

नऊ वर्षांत ते नाव त्या घरात मोठ्यानं घेतलं गेलं नव्हतं.

नम्रताचा जन्म दारव्ह्याचा, शालूच्या माहेरी. त्या बाळंतपणात रक्त फार गेलं आणि तेव्हा वीस वर्षांच्या सुखदेवनं बहिणीला रक्त दिलं होतं. बद्रीनाथ ते कौतुकानं सांगायचा, अठ्ठ्याण्णव सालापर्यंत. त्या साली शालूची आई अचानक गेली. घरी फोन नव्हता म्हणून सुखदेवनं कारखान्याच्या गेटवर फोन करून निरोप दिला. कारखान्यात त्या दिवशी आयएसओचं ऑडिट होतं, दर्जाचं सर्टिफिकेट त्यावर अवलंबून होतं. बद्रीनाथ दुसऱ्या पाळीला होता; निरोपाची चिठ्ठी त्याला पाळी सुटताना साडेअकराला मिळाली, रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. तिघं दारव्ह्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. शालूला आईचं तोंड दिसलं नाही. आणि अंगणात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, सुखदेवनं विचारलं, "सर्टिफिकेट भेटलं का, भाऊजी?" तेरावा झाला, बद्रीनाथ बायको-मुलीला घेऊन निघाला, तो परत गेला नाही. शालू राखी मात्र पोस्टानं पाठवायची. पाकिटावरचा पत्ता नम्रता लिहायची.

"दादानं त्या माणसाला फोन करायचा?" वैजनाथ म्हणाला. "एवढं बोलल्यावर?"

"तू गप ना, वैज्या," आत्या म्हणाली.

"कुणी कुणाला फोन करायचा नाही."

शालू आतल्या खोलीच्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, पदर डाव्या हातावर. तिला सगळं ऐकू गेलेलं होतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटात कुठे न ऐकू जातं. नम्रता धावली, पण शालूनं तिला हातानंच थांबवलं.

"एका पिशवीवर करायला सांगा," ती म्हणाली. "नाहीतर पुढची तारीख घ्या. ह्यांनी मान खाली घालून कुणापुढे हात पसरायचा नाही. माझ्यासाठी तर नाहीच."

"पुढची तारीख नाही, शालू," बद्रीनाथ म्हणाला. "बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती चौकटीला धरून तशीच हळूहळू खाली बसली, आणि काकूनं तिच्या पाठीशी उशी दिली.

बद्रीनाथ नम्रताकडे वळला. "नंबर आहे?"

"गेल्या राखीला मामाचं पत्र आलं होतं. त्यात होता."

"लाव."

तिनं फोन लावला. बद्रीनाथच्या एका हातात फॉर्मची दुसरी प्रत होती, दुसऱ्यात पेन, म्हणून तिनं स्पीकरचं बटण दाबलं. घंटा पाच वेळा वाजली. सहाव्यांदा ती मोजायची थांबली.

"हॅलो, कोन?"

"बद्रीनाथ. पुण्याहून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"ताई?" सुखदेवनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"आहे. इथंच बसलीय. बुधवारी ऑपरेशन आहे. रक्त लागतंय, तिच्या गटाचं."

"येतो."

"थांबा. फॉर्म आहे. आधी प्रश्न विचारतो, म्हणजे एवढ्या लांब येऊन खोळंबा नको."

"इचारा."

आणि मग नऊ वर्षं न बोललेले ते दोघे पुरुष फॉर्म भरू लागले. दुसरं काही बोलणं दोघांनाही जमलं नसतं. फॉर्म होता म्हणून बरं.

"वय?"

"सेहेचाळीस."

"वजन?"

"सत्तर धरा."

"शुगर, बीपी?"

"नाही."

"कावीळ?"

"नाही."

"मद्यपान?"

"ताई आईकून राह्यली ना?"

"हो."

"मंग होळीलेच लिवा."

शालूच्या ओठांच्या कडा हलल्या. बद्रीनाथनं गंभीरपणे 'क्वचित' असं लिहिलं. "चौदा. गेल्या सहा महिन्यांत गोंदवून घेतलंय का?"

"ह्या वयात कोन गोंदते, भाऊजी?"

"गोंदतात," बद्रीनाथ नम्रताकडे न बघता म्हणाला. "आमच्याकडे गोंदतात."

अठरा प्रश्न संपले. एकही अडला नाही. पण फोन कुणीच ठेवेना. बद्रीनाथनं पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला.

"सुखदेव, आणखी एक आहे. ते फॉर्मात नाही. तुमचा निरोप आला त्या दिवशी मी सांगितलं, चिठ्ठी मला साडेअकराला मिळाली. साडेअकराला नाही. चार वाजता मिळाली होती. ऑडिटवाले मशीनशॉपमध्ये उभे होते. मी चिठ्ठी वाचली आणि खिशात टाकली. तेव्हा निघालो असतो तर संध्याकाळची गाडी मिळाली असती."

नम्रताला आपल्या बापाकडे बघवेना. तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या शोकेसमधला ऑडिटनंतरचा फोटो आला, सगळे खांद्याला खांदा लावून, बद्रीनाथ मधोमध.

"मले हे ठाऊकच नव्हतं," सुखदेव म्हणाला. "म्या तं रागात टोमना मारला होता. तो असा बरोबर लागला असन हे…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "मी बी थांबलो नाही, भाऊजी. ताईसाठी दोन तास थांबाले पाह्यजे होतं. थांबलो असतो तं चाललं असतं." मग तो म्हणाला, "संध्याकाळची गाडी हाय. सकाळी पोचतो. उतरू कुठं?"

"स्वारगेटला. मी घ्यायला येतो."

फोन बंद झाला. बद्रीनाथ बायकोकडे बघत होता, तोंडावर मार खायची तयारी असल्यासारखा.

"मला माहीत होतं," शालू म्हणाली.

"काय?"

"शर्ट धुवायला टाकला होतात. खिशात चिठ्ठी होती. वॉचमननं वर वेळ घातली होती, तीन पन्नास."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

बद्रीनाथ उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. वैजनाथही मागोमाग गेला, पण जवळ न जाता कपडे वाळत घालायच्या दोरीशी थांबला. काकूनं उपम्याचा डबा उघडला, कुणी खाणार नाही हे बघून पुन्हा लावला.

"इकडे ये," शालूनं नम्रताला हाक मारली. "बघू."

नम्रता तिच्यापाशी जमिनीवर बसली. शालूनं तिचा हात मांडीवर घेतला. नव्या कातडीला बोट न लावता ती तुळशीच्या पानांवरून, देठावरून नजर फिरवत खाली आली. तिची बोटं थंडगार होती. नम्रता एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मामा पोचायचा होता, रक्त तपासायचं होतं, बुधवार अजून पुढेच होता. पण या क्षणी तिला त्या सगळ्यापेक्षा जास्त भीती आई काय म्हणेल याचीच वाटत होती.

"कुणी काढून दिलं?"

"मीच उतरवलं, वहीत. तू दुपारची झोपली होतीस तेव्हा. तिकडे जाताना तुझं काहीतरी हवं होतं."

"चारच ठिपके?"

"चारच आहेत ना? मी तीन वेळा मोजले." तिच्या यादीतली ती तेविसावी ओळ होती, 'मूळ गोंदणाशी जुळते', आणि पुढे 'पास'.

शालूनं पदर बाजूला केला. सगळ्यांसमोर, काकूसमोरही. मग डाव्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या आणि त्यांच्यामधली सोन्याची पाटली कोपराकडे सारली. मनगटाच्या अगदी वळणावर, बांगड्यांनी घासून पुसट झालेला पाचवा ठिपका होता.

"आमच्या जत्रेतली गोंदणारीण आधी विचारायची, भाऊ आहे का," ती म्हणाली. "असला तर शेवटचा एक त्याचा. मनगटाशी, बांगडीखाली. सुखदेव तेव्हा माझ्या कडेवर होता. मला सुई लागली आणि रडला तो."

दारातून आत्या वाकून बघत होती. "एवढ्या वर्सांत मलेही दिसला नाही तो," ती म्हणाली.

नम्रता त्या ठिपक्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, मी सगळं बघितलं," ती म्हणाली, आणि सकाळपासून अडवलेलं रडू आता अडेना.

शालूनं तिला रडू दिलं. मग बांगड्या खाली सरकवल्या, ठिपका झाकला, आणि लेकीच्या हाताची बाही कोपरापर्यंत नीट दुमडून ठेवली.

"झोपलेल्या माणसाच्या हातावरून काय कळणार," ती म्हणाली. "उठवायचं होतंस गं मला."